चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचं दार

मित्रांनो, मी मोजमाप घेणारा एक जुना पोलादी टेप आहे. लांबी पाच मीटर, रंग कधीकाळी पिवळा. माझं टोक झिजलंय, म्हणून माझे मालक देवराव मला शून्यापासून लावत नाहीत. दहाच्या आकड्यापासून मोजतात आणि मग दहा वजा करतात.

एका कारखान्यात पोलादाच्या पातळ पट्टीवर रंग चढवून, आकडे छापून मला डबीत गुंडाळलं गेलं. तिथून मी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात आलो. देवराव तिथे फिटर होते. बावीस वर्षं मी त्यांच्या खिशात राहिलो. कोळशाची धूळ माझ्या डबीत शिरायची आणि ते रोज काम संपलं की मला फडक्यानं पुसायचे. "देवरावनं मोजलं म्हणजे पुन्हा मोजायचं काम नाही," असं सोबतचे लोक म्हणायचे. ते कौतुक अर्धं माझंही आहे, असं मला वाटायचं.

मग देवराव निवृत्त झाले. नंदनवन वस्तीतल्या घरी मी मेणबत्त्या आणि जुन्या किल्ल्यांबरोबर खणात पडलो. सहा वर्षं मला कुणी हात लावला नाही. त्याच काळात त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंचे पाय मणक्याच्या आजारानं गेले आणि घरात चाकांची खुर्ची आली. हे सगळं मी खणातून नुसतं ऐकत होतो.

या जानेवारीत एका रविवारी त्यांची मुलगी नूपुर म्हणाली, "आई, तुले द्राक्षाची बाग पाहायची होती ना? नाशिककडे जाऊ. मी फेब्रुवारीत तीन दिवसांची सुट्टी घेतली."

सुभद्राबाईंचं लहानपण काटोलजवळ संत्र्यांच्या बागेत गेलं होतं. वेलीला लटकलेली द्राक्षं मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"पण तिकडे तं दारू बनवतात म्हणे," त्या म्हणाल्या.

"वाइन वं, आई. तू द्राक्षं पाह्य."

त्या हसल्या. पण संध्याकाळी म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या. मी इथंच बरी आहे."

नूपुरला ते पटलं नाही. तिनं टेकडीवरचं एक हॉटेल निवडलं होतं. काचेची बाल्कनी आणि खाली दूरवर पसरलेले मळे. तिनं फोन लावला. व्हीलचेअर असली तरी काही अडचण नाही, असं पलीकडून उत्तर आलं. देवरावांनी फोन मागून घेतला.

"बाथरूमचं दार किती रुंद आहे?"

"मोठं आहे, सर."

"मोठं म्हणजे किती?"

नूपुरनं ओशाळून फोन परत घेतला आणि ठेवला. "बाबा, आपण तिथं घर बांधून राहिलो काय? दोन दिवस तं राहायचं आहे."

तेव्हा सुभद्राबाई बोलल्या. "मागच्या वर्षी अमरावतीच्या लग्नात आपल्याले दिलेली खोली आठवते तुले? त्या बाथरूमच्या दारातून खुर्ची जाईना. तुझ्या मावसभावांनी मले उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. पुन्हा उचलून न्यावं लागलं असतं ना."

नूपुर त्या लग्नात होती. सगळ्यांचे फोटो काढत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आईच्या पायांशी जाऊन बसली.

देवरावांनी खण उघडला. मला पुसलं आणि खुर्चीला लावलं. त्रेसष्ट सेंटिमीटर.

"हे तं रिकाम्या खुर्चीचं झालं," सुभद्राबाई म्हणाल्या. त्या पलंगावरून सरकत खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात चाकांवर ठेवले. "आता मोजा. मले आपल्या हातानं आत जायचं आहे."

एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत मी ताणला गेलो. एकाहत्तर. इतक्या वर्षांत मी शेकडो पाइप आणि झाकणं मोजली होती, पण कुणाचे हात कधी मोजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नूपुरनं स्वतः त्या हॉटेलला पुन्हा फोन केला आणि हट्टानं बाथरूमचं दार मोजायला लावलं. पासष्ट निघाले.

"खुर्ची जाते, बाबा," ती म्हणाली. "आईचे हात नाही जात." तिनं मोबाइलमध्ये ठेवलेला त्या बाल्कनीचा फोटो पुसून टाकला.

मग तिनं आणखी तीन ठिकाणी विचारलं. एकानं सांगतो म्हटलं आणि सांगितलंच नाही. दुसऱ्याकडे खोल्याच वरच्या मजल्यावर होत्या. तिसऱ्या होत्या सिंधूताई. त्या स्वतःच्या द्राक्षमळ्याशेजारच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या.

"थांबा ताई, शिवणाच्या टेपनं मोजून सांगते," त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवून गेल्या. "चौऱ्याहत्तर भरलं बघा. पण खोटं कशाला बोलू, चार बोटांचा उंबरा आहे. तुम्ही येईपर्यंत फळ्यांचा उतार करून ठेवते. आणि खोलीतून मळा दिसत नाही बरं का, गोठा दिसतो."

"चालेल," नूपुर म्हणाली.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मी देवरावांच्या खिशात होतो. फळ्यांचा उतार तयार होता. देवराव मला काढून बाथरूमचं दार मोजू लागले, तर सुभद्राबाई म्हणाल्या, "राहू द्या. मी जाऊनच पाहते."

त्या चाकं फिरवत आत गेल्या. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. देवराव मला अर्धवट ताणून धरून तसेच उभे राहिले. नूपुर गोठ्याकडे निघून गेली. तिथे तिनं डोळे पुसले.

सकाळी सिंधूताई सगळ्यांना मळ्यात घेऊन गेल्या. वाइनच्या द्राक्षांचे घड बरेच खाली लागतात. बाकी सगळ्यांना वाकून पाहावं लागत होतं. सुभद्राबाईंच्या मात्र ते थेट डोळ्यांसमोर होते. एका ओळीत त्या एकट्याच दूरवर गेल्या. देवराव मागे जायला निघाले, तेव्हा नूपुरनं त्यांचा हात धरला.

मित्रांनो, आता मी खणात नसतो. नूपुर मला पर्समध्ये ठेवते. तुमच्या घरातही एखादा जुना टेप पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा. आणि कुणाला घरी बोलावलंत, तर 'काही अडचण नाही' असं म्हणण्याआधी एकदा उठा आणि दार मोजून या. दोन मिनिटं लागतात.