पदराने पुसलेला फोन

मोबाईलची काच आणि कव्हर यांच्यामधल्या फटीत एक जांभळा धागा अडकलेला होता – एवढासा, नखाएवढाही नाही – आणि धम्मपालला तो काही केल्या निघत नव्हता. नख घातलं की आत सरकायचा, सोडलं की पुन्हा डोकं वर काढायचा. आईच्या पदराचा धागा. फोनही आईचाच. समोर दवाखान्याच्या भिंतीवरच्या टीव्हीत नावं सरकत होती, नंबर अकरा, नंबर बारा... त्यात बेबीनंदा हे नाव नव्हतं, आणि का नव्हतं हे त्या अख्ख्या हॉलमध्ये एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

खिडकीतल्या बाईंनी सकाळीच सांगितलं होतं. "तुमचा नंबर तुमच्याच फोनवरून काढून टाकलाय. काल संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी." मग आईकडे बघून जरा नरमाईने, "बसा. डॉक्टर चारला निघतात. वेळ उरला तर बघू."

डॉक्टर संभाजीनगरहून येतात ते महिन्यातून एकदाच, दुसऱ्या मंगळवारी. आईच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू. परतूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे एक गोल काढून तो कडेकडेने काळा करत आणला होता, मधे रुपयाएवढी जागा पांढरी ठेवली होती, आणि म्हणाले होते, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं, उशीर करू नका. आज हुकलं म्हणजे एक महिना. एका महिन्यात त्या पेनाने आणखी किती गिरवलं जाईल... धम्मपाल उठला, पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, पाणी न पिताच परत आला.

"बस की रे एका जागी," आई म्हणाली. "मीच कायतरी दाबलं असंन. डोळ्याला दिसत न्हाई आन् बोटाला कळत न्हाई. तू कामून जीव खाऊन राह्यला?"

दाबलं नव्हतं. तिने काहीच दाबलं नव्हतं. तिने पुसलं होतं.

काल ती आष्टीहून एसटीने आली, जालन्यात मस्तगडच्या त्याच्या खोलीवर टेकली, चहा झाला, आणि घरमालकीण तुळजाबाई सहज डोकावल्या – कितवा नंबर लागला हो? आईने फोन उघडला, नंबराच्या ॲपवरची तिच्या नावाची पट्टी समोर आली, आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणून तिने तो पदराने पुसला. उजवीकडून डावीकडे, अंगठा दाबून, नीट. तिचा पदर धुऊन धुऊन इतका विरलेला की त्यातून अंगठ्याचा दाब बराबर काचेला लागला असणार. "आरं, आत्ता व्हता नंबर, दिसत न्हाई," ती म्हणाली होती. आणि तो लॅपटॉपवरून मान न वळवता म्हणाला होता, "असतो गं तो. खाली सरकव." मान वळवायला किती वेळ लागतो माणसाला?

पुसल्याशिवाय ती कुणाला काही देतच नाही. शाळेत जाताना त्याची वह्या-पुस्तकं पुसून दप्तरात जायची, पाहुण्याला द्यायचा तांब्या, मास्तरांना द्यायचा पेन, बाबासाहेबांची तसबीर भिंतीवरून उतरवली तर तीसुद्धा आधी पदराखालून. लहानपणी तो चिडायचा, आई, स्वच्छच आहे ते! तेव्हा ती एकदाच म्हणाली होती, "आपल्या हातची वस्तू घेताना कुणी नाक मुरडू न्हाई, म्हणून." तिच्या सासूने तिला शिकवलं होतं, सासूला कुणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती. आणि हे सगळं माहीत असलेला, या पदराखाली वाढलेला शहाणा... तोच.

कारण ती पट्टी धम्मपालनेच बनवली होती. कंपनी पुण्याची, तो जालन्यात बसून काम करतो, आणि दवाखान्यांचे नंबर लावायचं हे ॲप दोन वर्षं त्याच्या हाताखालून गेलेलं. नावाची पट्टी डावीकडे सरकवली की नंबर रद्द. आधी तिथे एक प्रश्न यायचा, 'नंबर नक्की काढायचा का?' तो प्रश्न त्यानेच उडवला. सोबत काम करणारी प्रिया म्हणत होती, राहू दे, चुकून हात लागतो लोकांचा. आणि मी, मी काय म्हणालो? लोकांना प्रश्न विचारून विचारून वैताग आणतो आपण, सोपं करा, एक पायरी कमी करा! सगळ्यांनी पसंतीचे अंगठे दाखवले होते. ऑफिसातल्या पाच जणांनी वापरून बघितलं, पाचही जणांना आवडलं, पाचांपैकी एकाच्याही खांद्यावर पदर नव्हता. डोंबलाचं सोपं.

आणि आज सकाळी खिडकीपाशी त्याने काय केलं? बाईंना म्हणाला, "ॲपमध्येच काहीतरी गडबड असेल." ॲपमध्ये! जणू ते आकाशातून पडलं होतं.

"तुमचा पोरगा काय करतो, बाई?" शेजारच्या गोजरबाईंनी विचारलं. त्या अंकुशनगरहून आल्या होत्या, एकोणीस नंबर, डोळ्याला हिरवी पट्टी.

"ह्ये मोबाईलमधलं समदं त्योच करतो," आई सावरून बसली. "पुण्याच्या कंपनीत हाये. लई डोकं लागतं त्याला."

नंबर सोळा. तीन वाजून दहा. तो तिसऱ्यांदा खिडकीपाशी गेला, बाईंनी त्याच्याकडे न बघताच मान हलवली. परत येताना त्याला आई दुरून दिसली – सगळ्यांकडे मान पुरती वळवून बघणारी, कडेचं दिसत नाही म्हणून – आणि तो जाऊन बसला तो बोलूनच बसला.

"आई, तुझी चूक न्हाई."

"मंग कोणाची?"

"माझी. हे मीच बनवलंय. हात सरकला की नंबर जातो, विचारत न्हाई काही... ते मीच तसं ठेवलं. तू काल पुसला ना फोन, तेव्हाच गेला."

आईने मान वळवून त्याला नीट बघितलं. मग हसली, त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "ऐकलं का गोजरबाई? मला वाईट वाटू न्हाई म्हणून सोताच्या अंगावर घेऊन राह्यला. ल्हानपणी भावानं काच फोडली तरी ह्योच म्हणायचा, मी फोडली."

"नशीब काढलं तुम्ही," गोजरबाई म्हणाल्या.

आता पुन्हा सांगायला हवं होतं, स्पष्ट, शब्द न शब्द. त्याने तोंड उघडलंही... आणि छातीतलं काहीतरी सैल पडल्याचं त्याला कळलं. बरं वाटलं. सांगून झालं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं, याहून सोयीचं काय असतं! त्या बरं वाटण्याची त्याला इतकी चीड आली की त्याने फोन आईच्या मांडीवर जवळजवळ टाकलाच.

नंबर सतरा. खिडकीतल्या बाई कुणाशी तरी बोलत होत्या. आईच्या मांडीवर फोन उजळला, कसला तरी निरोप. तिने सवयीने पदर उचलला, काचेपर्यंत नेला आणि थबकली. पदर हळूच सोडून दिला. मग कडेला दोन बोटांत धरून, अंगापासून लांब, तिने फोन त्याच्यापुढे केला.

"तूच धर बाबा," ती म्हणाली. "माझा हात नको त्याला."

फोन दोघांच्या मधे तसाच उजळलेला होता, कडेला तो जांभळा धागा, आणि मला तो हातात घेववेना.