नळीतून वर गेलेला लाडू

अंजनाबाई अकोल्याहून बॉनला लेकीकडे आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना घरात बसून वीट आला. उभी हयात मुख्याध्यापिका म्हणून पोरांच्या गोंगाटात काढलेली बाई. तिला इथली शांतता कुठून मानवणार? शेवटी लेक प्राची त्यांना आपल्यासोबत, ती नोकरी करायची त्या म्युझियममध्ये न्यायला लागली.

म्युझियम होतं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या यंत्रांचं. सुरुवातीचे रेडिओ, क्ष-किरणांच्या नळ्या, माणसाएवढे व्हॅक्यूम क्लीनर. अंजनाबाईंनी ते सगळं एका सकाळी पाहून टाकलं. त्यांना यंत्रांपेक्षा माणसांत जास्त रस.

तळमजल्यावर, प्राचीच्याच खोलीत, यंत्रं दुरुस्त करणारे लिंडनर बसायचे. तिसऱ्या मजल्यावर संचालिका फ्राऊ क्योस्टर. दोघांचा दोन वर्षं अबोला. कारण काय, तर म्युझियमच्या दारात काय मांडायचं! लिंडनर म्हणायचे, त्या काळातला सगळ्यात मोठा शोध म्हणजे रेडिओ. क्योस्टरबाई म्हणायच्या, व्हॅक्यूम क्लीनर. बाईच्या कमरेचा विचार कुणी केला असेल तर त्याने. एकाने मांडावं, दुसऱ्याने हलवावं. अखेर दारात छत्र्यांचा स्टँड आला आणि दोघांची तोंडं बंद झाली.

तेव्हापासून निरोप न्यायला प्राची.

"फ्राऊ क्योस्टरना सांग, वायर आली नाही," लिंडनर म्हणाले की प्राची वर.

"त्यांना विचार, का नाही आली," वरून आलं की प्राची खाली.

"अगं, तुझे गुडघे कामातून जातील," अंजनाबाई म्हणाल्या. "आणि ही नळी कशाला आहे मग?"

खोलीच्या कोपऱ्यातून एक जाड पितळी नळी भिंतीतून थेट क्योस्टरबाईंच्या खोलीत जात होती. रोरपोस्ट म्हणतात तिला. पितळी डबीत कागद घालायचा, झडप लावून दांडा ओढायचा, की तळघरातला पंखा डबीला हवेच्या जोरावर वर फेकतो. प्रेक्षकांना दाखवायला लिंडनरांनी ती पुन्हा चालू केली होती.

"तिच्यातून दोघंही एकमेकांना काही पाठवत नाहीत. हट्टच आहे दोघांचा," प्राची म्हणाली आणि परत जिन्याकडे पळाली.

लिंडनर तळघरात गेलेले. खोलीत कुणी नाही. अंजनाबाईंनी पिशवीतून डिंकाचा लाडू काढला, डबीत ठेवला, दांडा ओढला. भुस्सकन आवाज झाला आणि लाडू वर गेला.

थोड्या वेळाने धप्प! डबी परत आली. आत मार्झिपानचा, बदामाच्या मिठाईचा, चांदीच्या कागदातला तुकडा. अंजनाबाईंनी तो तोंडात टाकला. बरा होता.

मग रोजचंच झालं. प्राची जिन्यात, लिंडनर तळघरात, की लाडू वर आणि मार्झिपान खाली. क्योस्टरबाई वरती गाणं गुणगुणायला लागल्याचं प्राचीने नवलाने सांगितलं. पण बाई काही खाली उतरेना. दोघांचा अबोला मोडायचं काम गोडाने लांबत चाललं होतं. बोलणं बंद केलेल्या पोरांना अंजनाबाईंनी शाळेत एकाच उपायाने बोलतं केलं होतं: आधी कडकडून भांडायला लावायचं.

शुक्रवारी त्यांनी पोळीच्या तुकड्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा सढळ हाताने लावला, गुंडाळी केली आणि दांडा ओढला.

आधी वरून किंकाळी आली. मग जिन्यावर टाचांचा आवाज. लिंडनर तळघरातून धावत आले, पाठोपाठ प्राची. दारात क्योस्टरबाई उभ्या; डोळ्यांतून पाणी, नाक लालबुंद.

"आठवडाभर लाडू पाठवलेत!" त्या जर्मनमध्ये कडाडल्या. "मला वाटलं माणूस सुधारला. मी मार्झिपान पाठवलं. आणि आज हे विष?"

"मी? लाडू?" लिंडनर ओरडले. "आणि मार्झिपान कुठलं? मला एक तुकडा मिळाला असेल तर शपथ!"

भांडण कळायला भाषा लागत नाही. अंजनाबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. तेवढ्यात दोघांच्या माना एकदमच त्यांच्याकडे वळल्या. अंजनाबाईंचा एक गाल कालच्या मार्झिपानने फुगलेला होता, मांडीवर चांदीचा कागद.

"आई!" प्राचीने कपाळाला हात लावला.

अंजनाबाईंनी घास गिळला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "युवर फॅन इज व्हेरी स्ट्राँग."

लिंडनर आधी हसले. क्योस्टरबाई नाही हसल्या. त्यांनी पाणी मागितलं, आणि ते लिंडनरांनीच आणून दिलं. मग दोघं एका टेबलाशी बसून नळीसाठी पाटी लिहू लागले. "खाद्यपदार्थ घालू नयेत" एवढंच लिहावं, की मिरचीचा खास उल्लेख करावा, यावर वाद पेटला. तिथून गाडी व्हॅक्यूम क्लीनरवर गेली, मग रेडिओवर. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. प्राचीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. निरोपच उरला नव्हता. तिने बसून गरम कॉफी प्यायली.

संध्याकाळी मायलेकी ट्रामच्या स्टॉपवर आल्या. तिथे मात्र प्राचीला राहवेना.

"मला नोकरीवरून काढलं असतं म्हणजे?"

"काढलं का?"

"नाही. सोमवारी तुला घेऊन ये म्हणाले. दारात काय मांडायचं त्यावर तिसरं मत हवंय त्यांना."

"मग रागावतेस कशाला?"

"आठवडाभर मार्झिपान खाल्लंस. माझ्यासाठी एक तुकडा ठेवता आला नाही?"

"गेनाऊ," 'अगदी बरोबर' म्हणायचा नुकताच उचललेला जर्मन शब्द अंजनाबाईंनी ठसक्यात वापरला. "पण तू जागेवर सापडशील तर ना!"