निवडक मुलांचा तास

समावेशक अध्यापनाचं प्रशिक्षण आमच्या कॉलेजात कसं झालं, ते आधी सांगते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी पडद्याकडे तोंड केलं, आमच्याकडे पाठ फिरवली आणि 'प्रत्येक विद्यार्थ्याला सामावून घेणे' याची व्याख्या सावकाश दोनदा वाचून दाखवली. आम्ही सगळ्या प्राध्यापकांनी माना खाली घालून ती उतरवून घेतली. मग समोसे आले.

यात हसण्यासारखं कोणालाच काही दिसलं नाही. भोपाळच्या या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये शिकवणं म्हणजे हेच: फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ आणि तोंडाने नोट्स. मुलं लिहून घेतात, परीक्षेत तेच परत करतात. गुरुजी खूश, पोरं खूश.

अडायचं ते एकट्या रजनी ढोकेचं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातली ही मुलगी. लहानपणी तापात तिचं ऐकू येणं गेलं, तेव्हापासून ती ओठ वाचून शिकते. शिकवणाऱ्याची पाठ फिरली की तिचा तास संपला. मी गणिताच्या तासाला वर्गाकडे तोंड करून बोलते, मग गप्प राहून फळ्यावर लिहिते, मग पुन्हा वळून बोलते. तास रेंगाळतो, मान अवघडते, पण रजनी गणितात पास होते. फिजिक्स-केमिस्ट्रीत गटांगळ्या खाते.

म्हणून प्राचार्य सरवटेंनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "वर्ष संपलं की मुलीला आर्ट्सला घाला. सायन्स तिला झेपत नाही." दत्तू ढोके कारखान्यात टर्नर. विदर्भातून बदलीवर आलेला साधा माणूस. त्याने हात जोडले. मी तिथेच बसले होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सर, तिला सायन्स झेपत नाही की आपल्याला ती झेपत नाही?" मी विचारलं.

"मुळे मॅडम, तुमचं नेहमीचंच," सरवटे म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

प्रशिक्षणाचा शेवट म्हणून एक नमुना तास घ्यायचा ठरला. तो मी घ्यायचा आणि बघायला तज्ज्ञ बाई नि आमचा सगळा स्टाफ मागच्या बाकांवर बसायचा. आदल्या दिवशी सरवटेंनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की वर्ग निवडायची पद्धत आहे. हुशार मुलं पुढे बसवायची, त्यांना प्रश्न आधी फोडायचे आणि बाकीच्यांना सुट्टी द्यायची. या वेळीही तेच झालं होतं. सुट्टीवाल्यांत रजनी पहिली.

"सर, तास समावेशक अध्यापनाचा आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तर! तो नीट व्हायला नको का?"

ते हे अगदी मनापासून म्हणाले, हसून नव्हे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिथे थांबले असते तर टेबलावरचा पेपरवेट उचलला असता. सरळ उठले आणि ढोकेंच्या क्वार्टरवर गेले.

दत्तू ढोके दारातच घाबरला. "मॅडम, साहेबानं स्वतः सुट्टी दिली. आपण कायले भिडावं मोठ्या लोकायशी?"

रजनी आमची तोंडं बघत उभी होती. आर्ट्सचं तिला वडिलांकडून आधीच कळलं होतं; आता ही सुट्टी. तिने विचारलं, "मी का नको?" तिचा आवाज जाड आणि ओबडधोबड येतो, कारण तिला तो स्वतःला ऐकू येत नाही. वर्गात पोरं हसतात म्हणून तिथे ती कधी तोंड उघडत नाही.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "कारण तू असलीस की आम्हाला नीट शिकवावं लागतं. उद्या यायचं. सुट्टीवाल्या सगळ्यांना घेऊन यायचं."

ती आली. तिच्या मागोमाग बाकीचेही आले आणि निवडक मुलांच्या शेजारी दाटीवाटीने बसले. सरवटेंचा चेहरा पडला. पाहुण्यांसमोर त्यांना कोणाला उठवता येईना. मला मनापासून बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू?

तास काही फार थोर झाला नाही. भरात येऊन मी एकदा फळ्याकडे बघतच बोलत सुटले. वळले तर रजनीचं पेन थांबलेलं. मग ते सगळं पुन्हा सांगितलं. निवडक मुलं फोडलेल्या प्रश्नांची वाट बघून कंटाळली, कारण मी ते विचारलेच नाहीत. पण सुट्टीवाल्यांपैकी एकाने त्याला न कळलेली पायरी स्वतःहून विचारली. तज्ज्ञ बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

मग समारोपाला सरवटे उठून फळ्यापाशी आले. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं, पण ते बाकांच्या मधून चालत मागे पाहुण्यांपाशी गेले. मुलांकडे पाठ झाली. हिंदीत सुरू झाले, "आपने देखा, इस बच्ची के लिए हमारा स्टाफ कितना करता है. मगर हमें उसकी सीमा भी समझनी चाहिए. अगले साल हम उसे आर्ट्स में भेज रहे हैं, उसी की भलाई के लिए."

तज्ज्ञ बाईंनी मान डोलावली. स्टाफनेही डोलावली. सगळे रजनीकडे वळून बघायला लागले आणि तिला कळलं की बोलणं आपल्याबद्दल चाललंय.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज झाला. रजनी उभी होती.

"सर, इधर मुँह करके बोलिए."

तो जाड आवाज सगळ्या वर्गात घुमला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. ती हसणाऱ्याकडे बघतही नव्हती, त्यामुळे तिला ते कळलंच नाही. सरवटे वळले. पाठ करून सहज बोललेलं वाक्य त्यांना तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा बोलता येईना. ते माझ्याकडे बघायला लागले, जणू काही मी त्यांना सोडवणार होते. मी हातावरची खडूची पूड झटकली आणि रजनीकडे मान वळवली.

"मेरे बारे में बोल रहे थे ना?" रजनी म्हणाली. "मैं मैथ्स नहीं छोड़ूँगी. अब बोलिए, मैं देख रही हूँ."