चांद पिंजाऱ्याचं नाव

मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणासाठी प्रतिक्षानं मोबाइलवरून एक ओळ उतरवून घेतली. रझा म्हणजे मर्जी, कार म्हणजे करणारा. रझाकार म्हणजे आपखुशीनं कामाला उभा राहिलेला.

"बराबर हाय का, आज्जी?" माझ्या भाच्याची ही लेक. विधवा झाल्यापासून मी माहेरीच, वाशिमकडच्या पुसेगावजवळ राहते.

"अर्थ बराबर हाय," मी म्हटलं. "पण आमच्या चांदभाईला कोणी मर्जी इचारली न्हाई."

चांद पिंजारी गाद्यांचा कापूस पिंजायचा. अठ्ठेचाळीस साली रझाकारांनी मुसलमानाच्या दर घरातून एक माणूस मागितला, तेव्हा त्याला उचलून नेलं. खाकी सदरा त्याला गुडघ्यापर्यंत यायचा. एका दुपारी तो मागच्या दारानं आला नि माझ्या वडलांना म्हणाला, "सोनाजीदादा, उद्या तुमचं घर जाळणार हायेत. लेकरं घेऊन वाशिमकडं निघा." आम्ही बैलगाडीनं कनेरगावावरून संस्थानाची हद्द ओलांडली, म्हणून जगलो.

परतलो तेव्हा भारताचं लष्कर आलं होतं. चावडीपुढं चांदभाईला उभं करून साहेबानं वडलांना विचारलं, "हा कसा माणूस?"

वडील बोलले नाहीत. पळण्याआधी त्यांनी भीतीपोटी रझाकारांच्या तळावर ज्वारीची दोन पोती धाडली होती. ती वाहून नेली चांदभाईनंच. त्याच्याशिवाय हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मी आठ वर्षांची, वडलांचं धोतर धरून उभी. चांदभाई आमच्याकडं पाहत होता. त्याला ओढ्याकडं नेलं, तो परत आला नाही. पुढं वडलांना स्वातंत्र्यसैनिकाचं मानपत्र मिळालं.

शिवशंकर, माझा भाचा, दारातून ऐकत होता. "आत्या, लेकराच्या डोक्यात हे काहून भरून राहिली? सरकारचा शिक्का हाय त्या मानपत्रावर."

"शिक्का मारणारा चावडीवर होता का?"

"व्हय, तू होतीस. मग सत्तर-पंचाहत्तर वर्षं काय तोंडात गुळणी धरली होती?"



प्रतिक्षानं मात्र बापाला न सांगता चांदभाईचं नाव भाषणात लिहिलं. "तुमी मान हलवली तरच ते नाव घेईन," ती मला म्हणाली.

सतरा सप्टेंबरला शाळेत मला पहिल्या खुर्चीत बसवलं, सैनिकाची लेक म्हणून शाल घातली. शेजारी शिवशंकर. प्रतिक्षानं शब्दाचा अर्थ सांगितला, पणजोबाची हिंमत सांगितली आणि कागद उलटून माझ्याकडं पाहत थांबली. सगळं गाव समोर होतं.

मी शाल सारखी करत बसले. तिनं कागद मिटला आणि ती जय हिंद म्हणून खाली उतरली.