खाली बाण आहे

आधीच सांगून ठेवते, मी कॅल्क्युलेटर नाही. बेरीज-वजाबाकी येते मला, पण तेवढ्यावरून कुणी कॅल्क्युलेटर म्हटलेलं मला मुळीच खपत नाही. मी डिजिटल डायरी. तळहाताएवढी, काळी, पुस्तकासारखी उघडणारी. एका पानावर चार ओळींचा पडदा, दुसऱ्यावर शर्टाच्या बटणांहून लहान कळा.

माझ्या जन्माच्या वेळी लोक फोन नंबर कुठे लिहायचे ठाऊक आहे? भिंतीवर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, तळहातावर. मग हात धुतला की नंबर गेला. आम्ही आलो आणि शेकडो नंबर खिशात मावायला लागले. काय मिजास होती आमची! मोठे साहेब मीटिंगमध्ये काही कारण नसताना आम्हाला उघडायचे, दोन कळा टकटक करायचे आणि गंभीर चेहऱ्याने मिटायचे. आत पुष्कळदा फक्त स्वतःचाच वाढदिवस लिहिलेला असायचा.

माझ्या नशिबात मात्र साहेब नव्हता. मी आले इंचकाकूंकडे. इंचकाकू म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाई. माणूस दारातून आत आला की टेप न लावता कंबर सांगायच्या, म्हणून हे नाव पडलं. काका घड्याळाच्या दुकानात कामाला होते, त्यांनी मला मोठ्या हौसेने बायकोसाठी आणलं.

"हे काय आणलंत? मला काय मंत्री व्हायचंय?" काकू म्हणाल्या आणि मला बटणांच्या डब्यात टाकून मोकळ्या झाल्या.

तिथे मी सात महिने कुजले. मग एक दिवस मापांच्या वहीवर अख्खी बादली सांडली. दोनशे गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कंबरा एका निळ्या डागात मिसळल्या. काकूंनी कपाळावर हात मारला, आणि मग त्यांना माझी आठवण झाली. गरज पडली की सगळे आठवतात हो!

माझ्याकडे अक्षरं इंग्रजी, तीही सगळी मोठी. काकू त्यांतच मराठी लिहायच्या, एका बोटाने, जीभ बाहेर काढून. नंबरच्या रकान्यात माप आणि खाली शेरा. 'पोट आत ओढतात, दोन इंच जास्त धर.' 'उद्या हवंय म्हणतील, महिनाभर फिरकणार नाहीत.' काका एकदा नळवाल्याला फोन लावायला गेले आणि गायनमास्तरांची छाती, कंबर नि बाही फिरवून बसले. वर तिकडच्या बाईंशी हुज्जत घातली की नळ कधी दुरुस्त करणार!

काकूंची सगळ्यांत लाडकी नोंद होती धाकट्या बहिणीची. दोघी मिळून दुकान चालवायच्या. काकू कापायच्या, शिवायच्या, आणि धाकटी काज-बटणं करायची. दिवसभर दोघींची तोंडं मशीनपेक्षा जोरात चालायची.

आणि एका दुपारी घात झाला. काकू चहा करायला आत गेल्या होत्या. धाकटीने सहज मला उघडलं आणि स्वतःचं नाव शोधलं. पडद्यावर चार ओळी आल्या:

धाकटी. डावा खांदा अर्धा इंच खाली.
मापाला स्वस्थ उभी राहत नाही.
बोलते फार.
ऐकत नाही.

माझा पडदा चारच ओळींचा. पुढचं वाचायचं तर खाली जाणारा बाण दाबावा लागतो. तिने तो दाबलाच नाही. मला खाड्कन मिटलं. काकू चहा घेऊन आल्या तर ही पिशवी उचलून दारात उभी.

"वाचलं मी, तू माझ्याबद्दल काय लिहिलंयस ते."

"वाचलंस? मग?" काकू हसतच म्हणाल्या.

"वर हसतेस? ठेव तुझं दुकान तुलाच."

गेली ती गेलीच. आणि काकू दोन्ही कप हातात घेऊन तशाच उभ्या. त्यांना वाटलं, हिने सगळं वाचलं, आणि तरी गेली. तिला वाटलं, ताईच्या मनात आपल्याबद्दल एवढंच आहे. खरं काय ते एकट्या मला ठाऊक! पण मला फक्त 'पीप' म्हणता येतं. पीप म्हणून का कुणाचा गैरसमज निघतो?

नऊ वर्षं गेली. मोबाईल आले आणि माझ्या जातीचा बाजार उठला. काकूंच्या लेकीने धाकटीचं सोडून सगळी मापं आपल्या मोबाईलमध्ये घेतली आणि माझ्यातून पुसली. जुन्या यंत्रांचा शौकीन एक गृहस्थ मला विकत मागायला आला. म्हणे, "या कळांची टकटक आता कुठे ऐकायला मिळत नाही. शिवाय हिला इंटरनेट नाही, म्हणजे डोकं शांत." मी फुलून गेले! पण काकूंनी त्याला वाटेला लावलं. "मापं आहेत आत," म्हणाल्या. एकच माप उरलं होतं.

त्या एका मापासाठी काकू माझे सेल बदलत राहिल्या. माझ्या पाठीत दोन सेल असतात, एक चालायला आणि एक आठवण धरायला. दोन्ही एकदम काढले की मी कोरी करकरीत. काकू आधी एक बदलायच्या, मग दुसरा, आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत.

यंदा काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच धूसर, आणि दुकानात बँडवाल्यांचे बारा कोट काज-बटणांवाचून अडलेले. लेकीने न विचारता मावशीला फोन केला. धाकटी आली. काकूंना म्हणाली, "कोटांसाठी आलेय." काकू म्हणाल्या, "मग कर कोट." झालं बोलणं!

पितळी बटणं शोधताना तिच्या हाताला मी लागले. उघडलं, तर माझा पडदा अगदी फिका पडलेला. आतड्यांत जीवच नव्हता.

"हे भूत अजून आहे होय?"

"दे मावशी, सेल बदलते," लेक म्हणाली. तिने झाकण काढलं, एक सेल बाहेर काढला आणि दुसऱ्याला नख लावलं. मला दरदरून घाम फुटला! नऊ वर्षं सांभाळलेलं एका नखासरशी जाणार होतं.

"एका वेळी एकच गं!" आतल्या खोलीतून काकू ओरडल्या. नुसत्या झाकणाच्या आवाजावरून ओळखलं त्यांनी. पट्टीसकट भिंत धरत धावत आल्या.

नवा सेल बसला आणि मी उजळले. धाकटीने मुद्दाम आपलं नाव काढलं. त्याच चार ओळी. "अजून ठेवलंयस हे?" तिने विचारलं.

"ठेवलंय. तेव्हा सगळं वाचूनही गेलीस. आता परत वाच आणि परत जा."

"सगळं म्हणजे? चारच तर ओळी आहेत."

काकू हळूच म्हणाल्या, "खाली बाण आहे, धाकटे. तो दाब."

तिने दाबला. मी आयुष्यात एवढ्या आनंदाने कधी ओळी सरकवल्या नव्हत्या. ती मोठ्याने वाचायला लागली.

"हिचं काम सगळ्यांत आधी. शिलाई घ्यायची नाही. ही आली की दुकानात बरं वाटतं. पंधरा दिवस दिसली नाही तर..." पुढचं तिला वाचवेना.

"तर फोन करणे," काकूंनीच पुरं केलं. "लिहून ठेवलं होतं गं. केला मात्र नाही."

धाकटी रडली, मग हसली, मग म्हणाली, "नऊ वर्षं माझा एकही ड्रेस खांद्यावर धड बसलेला नाही."

"बसेल कसा? उभी राहा. माप घेते."

"पट्टी बांधून?"

"मला डोळे लागतात होय?"

धाकटी उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा स्वस्थ, हूं की चूं न करता. काकूंनी हाताने चाचपून डावा खांदा शोधला आणि हात तिथेच ठेवला, माप घेऊन झाल्यावरही.

आता मी बटणांच्या डब्यात नसते, मशीनशेजारी असते. कळा झिजल्यात, कोपरा उडालाय, पण तब्येत ठणठणीत. लेकीने माझ्यात दर पंधरा दिवसांचे गजर लावून ठेवलेत, फोनची आठवण म्हणून. आजवर एकदाही मला आठवण करून द्यावी लागलेली नाही. मी पीप करते तेव्हा धाकटी समोरच बसून बडबडत असते, आणि दोघी माझ्यावरच खेकसतात, "गप्प बस गं!"

बसते बाई गप्प. तुम्ही तेवढं लक्षात ठेवा. कुणाचं काही वाचून राग आला, तर दार आपटण्याआधी बघा, खाली बाण आहे का.