रिकाम्या सीटा

पंचवटी कारंज्यावरून सकाळी कंपनीची बस सुटायची तेव्हा निम्म्या सीटा रिकाम्या असायच्या. जुने कायम कामगार स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते आणि त्यांच्या जागी कंत्राटी माणसं आली होती. पण कंत्राटी माणसाने बसमध्ये पाय ठेवायचा नाही, असा रिवाज होता. तो कुणी पाडला, हे युनियनच्या कमिटीवर असलेल्या धनराजलाही सांगता आलं नसतं.

त्याच्या शेजारच्या लेथवर वाळू नावाचा कंत्राटी कामगार होता. दोन लेकरांचा बाप, मूळचा हरसूलकडचा. पेठ नाक्याजवळ खोली घेऊन राहायचा आणि सायकल मारत सातपूरला यायचा. एप्रिलमध्ये एका दुपारी, रोजच्या सायकलीने दमलेला तो चक्कर येऊन मशीनवरच कोसळणार होता, धनराजने दंडाला धरून त्याला मागे ओढलं म्हणून वाचला.

युनियनच्या पुढच्या सभेत धनराजने विषय काढला. "बस रिकामीच धावते. बसू द्या त्यांनाही. आपण कंपनीला तसं कळवू."

सेक्रेटरी फकिरा सावकाश बोलला. "धनराज, ही बस आपल्याला कुणी दान नाही दिली. गेटवर तंबू टाकून बसलो, बायकांचं सोनं मोडलं. तेव्हा हे लोक कुठं होते?"

"तेव्हा ते शाळेत होते, फकिराभाऊ."

मागून कुणी तरी म्हणालं, "आज सीट मागतील, उद्या आपल्याएवढा पगार मागतील."

"मागू देत की. काम तर तेच करतात."

हे बोलायला नको होतं, हे धनराजला बोलता बोलताच कळलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्याच्याशिवाय फक्त पुंजाचा हात वर गेला. पुंजा महिन्याभरात रिटायर होणार होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याने वाळूला सगळं सांगितलं. वाटलं होतं, बिचारा हिरमुसेल. वाळूने शांतपणे चहा संपवला.

"भाऊ, तुमी कशाला तोंड वाईट केलं? मी पर्मनंट असतो तर मी बी नसतं बसू दिलं. सगळेच बसायला लागले तर पर्मनंट होऊन फायदा काय?"

 धनराज उठून मशीनकडे गेला.

सभेतलं बोलणं वर साहेबांपर्यंत कसं पोचलं कोण जाणे. दिवाळीनंतर गेटवर नोटीस लागली, की बस अर्धी रिकामी धावत असल्याने ती बंद करण्यात येत आहे. त्या दिवसापासून कायमवाले धनराजशी तुटक बोलू लागले. कँटीनमध्ये तो बसला की शेजारचा ताट उचलून दुसरीकडे जायचा. कंत्राटी माणसं मात्र खुशीत होती. "आता सगळे सारखे झाले," वाळू म्हणाला. त्यात खवचटपणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

धनराज आता सिटी बसला लोंबकळत जायचा. घरी आला की पाय पसरून भिंतीला टेकायचा.

"वाळूला काय मिळालं यातून?" त्याच्या बायकोने, मीनाने एकदा विचारलं.

"काही नाही."

"मग खूश कशाला झाला तो?"

"आपलं गेलं म्हणून," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

जानेवारीत फकिरा घरी आला. बस पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज करायचा होता, सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. मीनाने चहा ठेवला. इतक्या दिवसांनी तो उंबऱ्यात आला, याचंच धनराजला बरं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"सगळ्यांसाठी मागताय का?" त्याने विचारलं.

"आधी आपल्यापुरती तर येऊ दे," फकिरा म्हणाला. "बाकीचं मग बघू."

ते ‘मग’ कधी येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. भांडायला धनराजच्या अंगात त्राण नव्हतं. मीना आत कप विसळत होती. त्याने पेन मागितलं आणि सही केली.