जून मुळ्यांचा वाफा

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा धाकटीच्या मुळ्याला चोवीस दिवस झाले होते. संकरित, लवकर तयार होणारं वाण. अठ्ठाविसाव्या दिवशी काढायलाच हवं. निघताना तिनं थोरल्या भावाला वाफ्यापाशी उभं करून दोनदा सांगितलं, "दादा, चार दिवसांनी उपटायचा. हा मुळा थांबत नाही."

"माशाला पोहायला शिकवतेस?" दादा हसला.

दवाखान्यात दहा दिवस गेले. फोनवर विचारलं की दादाचं एकच, "सगळं व्यवस्थित आहे."

परतली त्या सकाळी पाहते तर वाफा जसाच्या तसा! मुळे मनगटाएवढे फुगलेले, काहींना उभे तडे.

"वजन बघ!" दादा खुशीत होता. "तुझं ऐकलं असतं तर काड्या उपटल्या असत्या."

त्यानं बोलावलेल्या भाजी दुकानाच्या मावशी टेम्पो घेऊन आल्याच होत्या. त्यांनी एक मुळा मोडायला घेतला. तो नुसताच वाकला. चाकूनं कापला तर आत कापूस.

"जून झाला की हो," मावशी म्हणाल्या.

दादानं खुशाल धाकटीकडे बोट केलं. "बियाणंच फसवं. हिनं आणलंय. मी नको म्हणत होतो."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माती भुसभुशीत केली तिनं, दाटीतली रोपं एकेक करून विरळली तिनं, आणि वर हे ऐकायचं? ती तडक कुंपणालगतच्या दुसऱ्या वाफ्यात शिरली. तो आठवड्यानं मागून पेरलेला, म्हणजे सत्तावीस दिवसांचा. एक मुळा उपटला, माती झटकली आणि दादाच्या नाकासमोर मोडला. कटकन! पाणी त्याच्या सदऱ्यावर उडालं.

"त्याच पिशवीतलं बियाणं आहे. सांग मावशींना, फसवं कोण?"

"लोकांसमोर आवाज चढवू नकोस."

"बोट लोकांसमोरच दाखवलंस ना?"

मावशींनी दुसरा वाफा घेतला. दादा जुड्या बांधायला वाकला, तशी ती कडाडली, "हात लावू नकोस! तुझे तिकडं आहेत, ते उपट."

दुपारभर तो धुसफुसत जून मुळे खताच्या खड्ड्यात टाकत राहिला.

संध्याकाळी डोळ्यावरची पट्टी सावरत आई म्हणाली, "थोरला आहे गं. चुकतं माणसाचं. दे सोडून."

"नुसता चुकला असता तर सोडलंही असतं. तो खोटं बोलला, आई."

दारातून दादा पुटपुटला, "चुकलं असेल माझं."

"असेल? मावशींना फोन कर. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं केला. दोन वाक्यं कशीबशी गिळत बोलला आणि फोन आपटला. "झालं समाधान?"

"नाही," धाकटी म्हणाली.

पुढचे तीन आठवडे दोघं एका घरात परक्यासारखे वावरले. नवा वाफा मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी पेरला, एकटीनं.